४१३ चेंडूंचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा बोनस, किमान वेतन, कंत्राटी कामगार अशा काही विषयाची असावी. आम्ही 'जपानच्या मुलींचा सॉफ्टबॉल' असे म्हणताच त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा एकदा विचारले. आम्हीही पुन्हा तेच सांगितले. त्यांनी ते छापले, आणि आपण एवढ्या संख्येने आलात, ह्याबद्दल दोघांचेही आभार.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे यंत्रमागाच्या खडखडाटात आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. खेळातले मर्म आम्हांला कळते असा आमचा दावा नाही. पण पाळी म्हणजे काय, जादा काम म्हणजे काय, बोटाला आलेला फोड घेऊन पाळी कशी पुरी करतात, आणि बंद पडणाऱ्या कारखान्यातला शेवटचा दिवस कसा असतो, हे आम्हांला कळते. २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या ह्या हकिगतीत ते सारे आले आहे, म्हणून ती सांगण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेतला आहे.

आधी खेळाविषयी थोडके. सॉफ्टबॉल हे बेसबॉलचे धाकटे भावंड. १८८७ साली शिकागो शहरात थंडीच्या दिवसांत काही तरुण एका बंदिस्त जागेत बसले असता मुष्टियुद्धाचा हातमोजा गुंडाळून त्याचा चेंडू केला गेला आणि काठीने तो टोलवला गेला. तेथून हा खेळ निघाला. आपल्या महाराष्ट्रातही शालेय स्पर्धांतून मुली तो खेळतात, तेव्हा सभागृहातल्या काही आयांना तो अगदीच परका नसेल. नावात 'सॉफ्ट' असले तरी चेंडू मऊ नसतो. क्रिकेटच्या चेंडूचा घेर सुमारे नऊ इंच, ह्याचा बारा इंच. वजनही क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जास्तच. तो हात खालून गरकन फिरवून फेकावा लागतो. फेकणारी आणि टोलवणारी ह्यांच्यात अंतर फक्त त्रेचाळीस फूट. उत्तम खेळाडूचा चेंडू ताशी १२० किलोमीटरच्या आसपास वेगाने येतो. म्हणजे टोलवणारीला विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. प्रत्येक बाजूला नऊ जणी. तीन बाद झाल्या की डाव बदलायचा, आणि असे सात सात डाव.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण आमचा पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाज सहा चेंडू टाकतो आणि मग दुसऱ्या टोकाकडून दुसरा कोणी टाकतो. पहिल्याला दम खायला मिळतो. सॉफ्टबॉलमध्ये षटक नाही. एकदा हातात चेंडू घेऊन उभी राहिली की तीन जणी बाद होईपर्यंत तीच बाई फेकत राहते. तिला पिचर म्हणतात. बाकीच्या आठ जणी तिच्या फेकीवर जगतात, आणि ती त्यांच्या झेलांवर.

ह्या मुली कोण होत्या? जपानात खेळाडू पोसण्याची एक जुनी रीत आहे. मोठमोठे कारखाने आणि कंपन्या आपापले संघ ठेवतात. मुलगी शाळा संपवून कंपनीत नोकरीला लागते. दिवसाचा काही भाग कचेरीत किंवा कारखान्यात काम आणि उरलेला भाग मैदानावर. पगार कंपनीचा, छातीवर नाव कंपनीचे, आणि देशासाठी निवड झाली की देशाचे. हिताची, टोयोटा, डेन्सो ही नावे आपण वस्तूंवर वाचतो; तिकडे ती सॉफ्टबॉलच्या संघांचीही नावे आहेत.

ह्या रीतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र सॉफ्टबॉलचे नाही, व्हॉलीबॉलचे आहे, आणि ते आमच्या अगदी जवळचे आहे, कारण ते एका कापड गिरणीतले आहे. ओसाका शहराजवळ काइझुका येथे निचिबो कंपनीची गिरणी होती. तिथल्या मुली दिवसा कंपनीचे काम करीत आणि दुपारनंतर सराव सुरू होई तो रात्री उशिरापर्यंत चाले. त्यांचे शिक्षक हिरोबुमी दाइमात्सु हे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून वाचून आलेले गृहस्थ. त्यांच्या शिस्तीच्या कथा आजही तिकडे सांगतात, आणि त्या सगळ्याच ऐकायला गोड नाहीत. १९६२ साली ह्या संघाने मॉस्कोत जगज्जेतेपद मिळवले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या बारा जणींपैकी दहा ह्या एकाच गिरणीच्या होत्या. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी त्यांनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक घेतले. 'पूर्वेच्या चेटकिणी' हे त्यांचे टोपणनाव. जपानात त्या रात्री हा सामना पाहणाऱ्या घरांचे प्रमाण शेकडा ६६.८ भरले होते. गिरणीतल्या मुलींसाठी अख्खा देश घरात बसून राहिला, ही गोष्ट आम्ही आमच्या सभांतून अनेकदा सांगितली आहे. तेव्हा टाळ्या पडतात. पण रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या त्या सरावाचे तास कोणत्या वहीत लिहिले गेले, असा प्रश्न आम्ही पुढे विचारतो तेव्हा सभा जरा गप्प होते.

अमेरिकेतही तेच. १९६५ साली मेलबर्नला स्त्रियांच्या सॉफ्टबॉलची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांची पहिली स्पर्धा त्यानंतर एका वर्षाने झाली, हे जाता जाता सांगून ठेवतो. पाच देश आले होते. अमेरिकेने पाठवला तो संघ कनेटिकट राज्यातल्या स्ट्रॅटफर्ड गावच्या रेबेस्टॉस ह्या मोटारींच्या ब्रेकचे अस्तर बनवणाऱ्या कारखान्याचा होता. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने त्याला १-० असे हरवले. त्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्या कारखान्याची जागा पुढे सरकारला धोकादायक दूषित जमिनींच्या यादीत घालावी लागली. हा विषय निराळा आहे. पण कारखान्याची बाब निघाली की आमची नजर धुराड्याकडे जाते, त्याला आमचा इलाज नाही. असो.

आता मूळ हकिगतीकडे येऊ.

सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये आला तो १९९६ साली, अटलांटात. १९९६, २०००, २००४ ही तिन्ही सुवर्णपदके अमेरिकेने नेली. जपान सर्वांत जवळ पोचला तो २००० साली सिडनीत. अंतिम सामन्यात रेइका उत्सुगी हिच्या होम रनने जपानला आघाडी मिळाली, मग बरोबरी झाली, आणि आठव्या डावात ओल्या मैदानावर मागे मागे धावणाऱ्या एका खेळाडूच्या हातून झेल सुटला. २-१. ह्या रेइका उत्सुगीबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. ती जन्माने चिनी, बीजिंगचीच. खेळासाठी जपानात आली, जपानी झाली, आणि १९९६ साली नव्या देशाकडून खेळायला निघाली तर जुन्या देशाची संमती मिळाली नाही म्हणून तिला घरी बसावे लागले. पोटासाठी गाव सोडणाऱ्याला दोन्ही गावांची परवानगी लागते, हा अनुभव आपल्याकडच्या मजुरालाही आहे. तिचे नाव लक्षात ठेवा. ती शेवटी पुन्हा येणार आहे.

२००५ च्या जुलै महिन्यात सिंगापूरला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक भरली. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये कोणते खेळ ठेवायचे ह्यावर गुप्त मतदान झाले. सॉफ्टबॉल ठेवावा ह्या बाजूने ५२ मते, विरुद्ध ५२, आणि एक सभासद तटस्थ. राहण्यासाठी बहुमत हवे होते. बरोबरी झाली, म्हणजे खेळ गेला. आम्ही आयुष्यात अनेक मतदाने पाहिली, चार मतांनी हरलो, सहा मतांनी जिंकलो. पण जगभरच्या हजारो मुलींचे काम बरोबरीच्या मतांनी जावे आणि त्या मतदानात त्यांच्यापैकी एकीलाही हात वर करण्याचा हक्क नसावा, हे वाचून आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले. कारखाना बंद करण्याचा निर्णय असाच होतो. दूरच्या शहरात, बंद खोलीत, आणि ज्यांनी तो घेतला त्यांना तुमचा चेहरा ठाऊक नसतो.

मिळून, २००८ चे बीजिंग हे सॉफ्टबॉलचे शेवटचे ऑलिंपिक, हे तिथे आलेल्या आठही संघांना ठाऊक होते.

जपानची मार्गदर्शक होती हारुका साइतो. अटलांटा, सिडनी आणि अथेन्स ह्या तिन्ही ऑलिंपिकमध्ये ती स्वतः खेळली होती. तिची मुख्य पिचर युकिको उएनो, वय २६, फुकुओकाची मुलगी. शाळा संपल्यावर २००१ साली ती ताकासाकी येथील हिताचीच्या कारखान्याच्या संघात दाखल झाली. कारखाना सेमीकंडक्टरचा, म्हणजे यंत्रांच्या पोटात बसवायच्या इवल्याशा चकत्यांचा. संघाचे नाव पुढे रेनेसास ताकासाकी झाले. अथेन्सला २००४ साली तिने चीनविरुद्ध एकाही खेळाडूला पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचू दिले नव्हते.

पहिल्या फेरीत प्रत्येकाला सात सामने. अमेरिकेने सातही जिंकले. ५३ धावा केल्या आणि एक दिली. जपानने सहा जिंकले. हरलेला एक सामना अमेरिकेविरुद्धचा, ७-० असा, पाच डावांतच आटोपलेला. त्या दिवशी उएनोला मैदानात उतरवले नव्हते. साइतोने तिला जपून ठेवले होते, आणि अमेरिकेच्या मुलींना तिचा चेंडू पाहू दिला नव्हता. आमच्या मते संपूर्ण स्पर्धेतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, पण त्याची चर्चा फारशी कोणी करीत नाही.

बाद फेरीची पद्धत जरा विचित्र होती. पहिला आणि दुसरा क्रमांक ह्यांचा सामना. जिंकेल तो अंतिम फेरीत. हरेल त्याला आणखी एक संधी, तिसऱ्या-चौथ्यांत जिंकणाऱ्याशी. आणि हे सारे एकाच दिवशी.

२० ऑगस्ट २००८. सकाळी अमेरिका. सात डाव झाले, फळा कोरा: ०-०. मग जादा डाव. जादा डावांत नियम असा की लवकर निकाल लागावा म्हणून दोन्ही बाजूंची एकेक खेळाडू आयतीच दुसऱ्या बेसवर उभी करायची. नवव्या डावात अमेरिकेच्या क्रिस्टल बुस्टोसने चेंडू कुंपणापार मारला आणि सामना ४-१ असा गेला. उएनोने फेकलेले चेंडू १४७.

संध्याकाळी ऑस्ट्रेलिया. हरले तर ब्राँझपदक घेऊन घरी जायचे. पुन्हा उएनो. सातव्या डावात जपान २-१ असे पुढे, दोन बाद, एकच बळी हवा; आणि ऑस्ट्रेलियाच्या केरी वायबॉर्नने होम रन मारून बरोबरी केली. जे शेवटची कांडी संपवून हातपाय धुवायला निघाले आहेत आणि तेवढ्यात मुकादमाने दुसरी पाळी लावली आहे, त्यांनाच ह्याची कल्पना येईल. आठवा डाव, नववा, दहावा. अकराव्यात ऑस्ट्रेलियाने एक धाव काढली, जपानने ती फेडली. बाराव्या डावात रेई निशियामाने चेंडू मोकळ्या जागेत टोलवला आणि जपान ४-३ असे जिंकले. ह्या निशियामाचे हृदय जन्मापासून अधू. शाळकरी वयात एका दात्याची झडप तिच्या हृदयात बसवलेली होती. त्या सामन्यात उएनोचे चेंडू १७१. दिवसाचे एकूण ३१८. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे कातडे निघाले होते.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर एका दिवसात ५३ षटके.

दुसऱ्या दिवशी, २१ ऑगस्टला, अंतिम सामना. समोर अमेरिका. ऑलिंपिकमध्ये लागोपाठ २२ सामने जिंकलेली, आणि एक नव्हे तर तीन नामांकित पिचर बाळगून असलेली: जेनी फिंच, कॅट ऑस्टरमन, मोनिका ॲबट. जपानतर्फे चेंडू घेऊन उभी राहिली ती पुन्हा उएनो.

जपानने तिसऱ्या डावात एक धाव काढली. चौथ्यात एरी यामादाने ऑस्टरमनचा चेंडू थेट कुंपणापार भिरकावला. २-०. त्याच डावात बुस्टोसने उत्तर दिले, २-१. आणि मग सहावा डाव आला. तिन्ही बेस अमेरिकेच्या खेळाडूंनी भरलेले आणि एकच बाद. एक बरा फटका आणि सगळे संपले. अशा वेळी पिचरचा वेग कामाला येत नाही. आदल्या दिवशीच्या ३१८ चेंडूंनी वेग तसाही खाल्लेला असतो. कामाला येते ती चेंडू कुठे टाकायचा ह्याची पारख. त्या डावात धाव निघाली नाही. सातव्यात जपानने आणखी एक धाव घेतली, शेवटची खेळाडू बाद झाली, आणि फळ्यावर ३-१ लागले. चेंडू ९५. दोन दिवसांत तीन सामने, २८ डाव, ४१३ चेंडू, आणि सगळे एकाच हाताचे.

जपानात हा आकडा म्हणीसारखा झाला. त्या वर्षी गाजलेल्या शब्दांची जी निवड तिकडे दरसाल होते, तीत 'उएनोचे ४१३ चेंडू' ह्या शब्दांना खास बक्षीस मिळाले.

श्रोतेहो, इथपर्यंतची कथा कोणीही सांगेल. आम्ही येथून पुढचे बोलायला उभे राहिलो आहोत.

आमच्या धंद्यात ४१३ चेंडू टाकणारे पुष्कळ असतात. जोडीदार आला नाही, माग उभा राहतो आहे, म्हणून एखादा कामगार सलग दुसरी पाळी करतो. मालक त्याची पाठ थोपटतो, दिवाळीला पेढ्याचा पुडा जास्त देतो. त्यात वाईट काही नाही. वाईट पुढच्या महिन्यात होते. तोच मालक दुसऱ्या कामगाराला म्हणतो, "त्याला जमते, तुला का जमत नाही?" काल जो पराक्रम होता तो आज दर होतो. चार मागांचे सहा माग होतात, सहांचे आठ, आणि प्रत्येक वेळी कोणा तरी पहिलवानाचे नाव पुढे केले जाते. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ तासांवरच्या आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवरच्या कामाला दुप्पट मजुरी लावली, ती कामगार आळशी म्हणून लावली नाही. जादा काम महाग केले तरच ते थोडे होते, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता. खेळाच्या मैदानावर तसा कायदा नाही. म्हणून एखाद्या मुलीने ४१३ चेंडू टाकले की आम्ही टाळी वाजवतो, आणि त्याच वेळी, शाळेच्या मैदानावर उभी असलेली तेरा-चौदा वर्षांची पोर आणि तिला 'उएनो बघ' म्हणणारा मास्तर आमच्या डोळ्यांपुढे येतो.

हे आम्ही एकदा कांडी खात्यातल्या भगिनींच्या बैठकीत बोललो. त्यांतली एक वयस्क बाई, जिने तीस वर्षे कांड्या भरल्या, ती म्हणाली, "अण्णा, तिला बसवली असती, तर ती बसली असती काय?"

ह्याला आमच्याकडे पटकन उत्तर नव्हते. अजूनही पुरते नाही. पण त्या प्रश्नाने आम्हांला एक फरक दाखवला. दुसरी पाळी करणाऱ्या आमच्या कामगाराच्या श्रमाचे कापड मालकाच्या गाठोड्यात जाते. उएनोचा शेवटचा चेंडू कोणाच्या गाठोड्यात गेला? काही अंशी कंपनीच्या, काही अंशी जपानच्या. पण मोठा वाटा तिचा स्वतःचा आणि तिच्या सोबतिणींचा होता. शिवाय हा त्या खेळाचा शेवटचा दिवस होता. बाहेरच्याला वाटते की बंद पडणाऱ्या कारखान्यात शेवटच्या दिवशी लोक काम टाकून बसत असतील. आम्ही दोनदा असा दिवस पाहिला आणि दोन्ही वेळा उलटे पाहिले. मागावर बीम अर्धा उरलेला. पगार मिळेल की नाही ह्याचा भरवसा नाही. तरी माणसे तो विणून संपवतात, तुटलेला धागा जोडतात, आणि माग पुसून मगच बाहेर पडतात. मालकासाठी ते करीत नाहीत. आपल्या हाताला काय येत होते हे एकदा नीट पाहून घेण्यासाठी ते करतात. त्या दिवशी 'तास भरले, थांबा' असे सांगायला गेलेला संघटनेचा माणूस वेडा ठरेल.

म्हणजे आम्ही कोणत्या बाजूला? दोन्ही. ४१३ चेंडू टाकायचे की नाही हे जिचा हात आहे तिने ठरवावे. पण तिच्या उत्तरावरून दुसऱ्या कोणाचा दर ठरवला जाऊ नये. आणि संघाने, कंपनीने, संघटनेने अशी व्यवस्था करावी की पुढच्या वेळी तो प्रश्न एकटीला विचारण्याची पाळी येऊ नये. हे बोलायला सोपे आहे. ते घडले की नाही, हे आता सांगतो.

त्या दिवशी पदके दिल्यावर एक गोष्ट घडली, ती तेव्हा पुष्कळांच्या नजरेतून सुटली. जपानच्या, अमेरिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या मुली मैदानात एकत्र आल्या आणि त्यांनी पिवळे चेंडू जमिनीवर मांडून २०१६ हा आकडा लिहिला. आमचा खेळ त्या वर्षी परत घ्या, अशी ती मागणी होती. तासाभरापूर्वी एकमेकींना हरवायला जिवावर उदार झालेल्या, सोने मिळालेल्या आणि सोने गमावलेल्या मुली एका मागणीसाठी एका रांगेत. आम्ही संघटनेच्या वर्गात हे चित्र दाखवतो. वेगवेगळ्या मालकांकडे काम करणाऱ्यांनी एकत्र का यावे, हे सांगायला मग आम्हांला फार बोलावे लागत नाही.

मागणी फेटाळली गेली. २००९ च्या ऑक्टोबरात समितीने २०१६ साठी गोल्फ आणि रग्बी घेतले. सॉफ्टबॉलच्या वाट्याला वनवास आला. ताकासाकीच्या संघावरही संकट आले: रेनेसास कंपनी अडचणीत सापडली, कारखाने बंद करणे, विकणे सुरू झाले, आणि २०१५ पासून तो संघ बिक कॅमेरा ह्या दुकानदार कंपनीकडे गेला. मुली त्याच, छातीवरचे नाव निराळे. मालक बदलला तरी संघ टिकला, ही गोष्ट आमच्याकडे सहसा होत नाही, म्हणून नोंदवून ठेवतो. उएनो फेकत राहिली. २०१२ साली कॅनडात झालेल्या जागतिक स्पर्धेत जपान जिंकला, तोही अमेरिकेला हरवून. असे जगज्जेतेपद जपानला १९७० नंतर पहिल्यांदा मिळत होते.

मग २०१६ च्या ऑगस्टमध्ये समितीने टोकियोपुरता खेळ परत घेतला. महामारीमुळे ते ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले. २१ जुलै २०२१ रोजी, उद्घाटनाच्याही दोन दिवस आधी, त्या ऑलिंपिकचा सर्वांत पहिला सामना फुकुशिमात झाला तो सॉफ्टबॉलचा. जपानने ऑस्ट्रेलियाला ८-१ असे हरवले. बाके रिकामी. जपानची मार्गदर्शक आता रेइका उत्सुगी, जिला १९९६ साली घरी बसावे लागले होते तीच. आणि चेंडू हातात घेऊन उभी होती उएनो, दुसऱ्याच दिवशी वयाची ३९ वर्षे पुरी करणारी.

अंतिम सामना २७ जुलैला योकोहामात, पुन्हा अमेरिकेशी. तेरा वर्षांनी. जपान २-० असे पुढे होते. सहाव्या डावात, म्हणजे बीजिंगला जिथे तिन्ही बेस भरले होते त्याच टप्प्यावर, उत्सुगीने खेळ थांबवला आणि उएनोच्या हातून चेंडू काढून मिउ गोतो ह्या मुलीच्या हाती दिला. गोतोचे वय २०. बीजिंगच्या वेळी ती सात वर्षांची होती. एक बाद, अमेरिकेच्या दोघी बेसवर. टोलवलेला चेंडू सरळ तिसऱ्या बेसवरच्या यू यामामोतोच्या मनगटावर आदळला, उडाला, आणि जमिनीला टेकण्याआधी शेजारच्या माना अत्सुमीने तो हवेतच पकडून दुसऱ्या बेसकडे फेकला. एका चेंडूत दोघी बाद.

सॉफ्टबॉलमध्ये असा नियम आहे की सामना सुरू करणारी खेळाडू बाहेर बसली तरी एकदा तिला परत येता येते. सातव्या डावात गोतोने चेंडू उएनोला परत दिला. तीन जणी बाद झाल्या आणि सामना २-० असाच संपला.

२०२४ ला पॅरिसने हा खेळ पुन्हा वगळला; २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी तो परत घेतला गेला आहे, आणि त्याचे सामने ओक्लाहोमा शहरात ठरले आहेत. अध्यक्षमहाराजांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे. आमच्याही पाळीचे तास भरले.